नावं नसलेल्या फायली

बटण दाबलं की पंखा फिरतो,
एक बीप, आणि काळ्या पडद्यावर पांढरी ओळ:
सुरू होण्याजोगं काही सापडलं नाही.
आई विचारते, काय म्हणतोय?
मी वाचून दाखवतो.
ती म्हणते, शेवटी शेवटी ओतियाही हेच म्हणायचा.

झुग्दिदीत मार्च. पाचवा मजला, लिफ्ट बंद.
गेल्या आठवड्यात वीज दोनदा गेली, दोनदा आली;
दुसऱ्यांदा आली ती ह्याला झेपली नाही.

खोका उघडला. आत धूळ, एक वाळका पतंग,
आणि हेझलनटची तपकिरी सालं.
बाबांचा वजनकाटा इथवर शिरला होता तर.
वीस वर्षांची पोती, किलो, ओलाव्याचे टक्के,
कुणाचं किती देणं, कुणाला किती माफ,
सगळं ह्या पत्त्यांच्या जोडाएवढ्या डबीत.
कान लावला. टक्. टक्. जरा थांबून, टक्.
दाराबाहेर कुणीतरी ठोठावतंय
पण नाव सांगत नाही.

खालच्या मजल्यावरची ग्वांत्सा केबल घेऊन आली,
सोबत सल्लाही: पिशवीत गुंडाळ,
रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, माझ्या दिराचं चाललं होतं.
आईने लगेच अजिकाच्या बरण्या सरकवल्या.
मी म्हणालो, गारठवून कुणी उठत नाही गं,
आणि जीभ चावली.
जानेवारीत बाबांना आम्ही चार दिवस
ह्याच खोलीत ठेवलं होतं, बाल्कनीचं दार सताड उघडं टाकून,
पूल उघडेल, जुम्बेरकाका पलीकडून येईल म्हणून.
पूल उघडला नाही.
आईने काही न बोलता बरण्या परत जागेवर लावल्या.

डिस्कवर आता काहीही लिहायचं नाही.
फक्त ऐकायचं. जेवढं सांगेल तेवढं
दुसरीकडे उतरवून घ्यायचं,
अडली की हुज्जत न घालता पुढे जायचं,
मग मागे येऊन पुन्हा हळू विचारायचं.
बाबांशी मी असा कधी बोललो नाही.

नऊ तास. आईने एकदा सूप आणून ठेवलं,
एकदा विचारलं, त्याला दुखत असेल का रे?
पहाटे आकडा ब्याण्णववर येऊन बसला
आणि तिथेच बसून राहिला.

वर आलं ते सगळं बिननावाचं.
एफ, शून्य, शून्य, सात, आणि पुढे रांगच रांग.
फोल्डर नाहीत, तारखा नाहीत.
द्राक्षतोडणीचा एक फोटो:
वर टोप्या, डोकी, कुणाचा तरी उंचावलेला पेला,
गळ्याखाली सगळे करडे.
वजनांचे तक्ते मात्र धडधाकट.

आणि हे. जे मी शोधत नव्हतो.
यंत्राला हरवलेलं आणि टाकलेलं
ह्यातला फरक कळत नाही,
जे पुसलं तेही ते इमानाने वर काढतं.
अकरा पत्रं. सगळ्यांची पहिली ओळ एकच:
जुम्बेर, ह्या वर्षी तुझ्याकडे झाडांना कसं लागलंय?
दुसऱ्या ओळीपासून प्रत्येक वेगळं.
एकात बहिणीच्या लग्नातलं भांडण,
एकात त्या शरदातलं काहीतरी,
घर, ट्रक, कोण आधी निघालं, कोण थांबलं.
एकात नुसता स्वल्पविराम.
दर वर्षी एक लिहिलं असावं
आणि स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकलं.

आई मागे उभी होती, कधीपासून ते कळलं नाही.
बिचो, तो म्हणाला होता का तुला, हे काढ म्हणून?
नाही.
मग कशाला काढलंस?

मी माऊसवरचा हात उचलला.
खाली ग्वांत्साचा कोंबडा ओरडला, उशिराच.
स्वयंपाकघरात नळ सुरू झाला, बंद झाला.
मग ती चष्मा पुसत परत आली,
खुर्ची ओढली, बाबांचीच, एका पायाने डुगडुगणारी,
आणि म्हणाली,
त्यातलं सगळ्यात लांब कुठलं आहे?