एकोणशंभर

हॅलिफॅक्समध्ये डिसेंबरात चारलाच दिवे लागतात.
रेडिएटरवर ओले मोजे टाकून
मृण्मयी गृहपाठाला बसते.
चार, सात, दहा, तेरा. पुढे काय? नियम लिहा.
ती सोळा लिहून मोकळी.
तीन, सहा, बारा, चोवीस, हेही चुटकीसरशी.
एक, चार, नऊ, सोळापाशी मी अडखळते
आणि वांगी परतत राहते.

"आता तू घाल एक. तुझ्या भाषेतलं."
तुझ्या, म्हणाली. कढई तडतडत होती, तरी ऐकू आलं.

घातलं: एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस.
"एकोण म्हणजे?"
एक उणा. विसाला एक कमी, तिसाला एक कमी.
"म्हणजे आकडा शेजारच्या दारात उभा राहून
स्वतःचं नाव सांगतो?"
तसंच काहीसं. एकतीस नंबरातले सटक्लिफ आजोबा नाहीत का,
वर्षभर सांगतायत, ऐंशीच धरा.

मग ती सुटलीच.
एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर,
आमच्या चढाच्या गल्लीतल्या धुराड्यांसारखी
एकावर एक,
एकोणऐंशी, एकोणनव्वद,
आणि धापा टाकत वर पोचून:
एकोणशंभर!

चूक. नव्याण्णव.

"का?"
असंच असतं गं.
म्हटलं, आणि जिभेवर घोलपबाई आल्या,
सांगलीच्या शाळेतल्या, पट्टीसकट.
"असंच हा नियम नाही," लेक म्हणाली.
"मिसेस ऑल्ड्रॉइड अर्धा मार्क कापतात."

भाजीला झाकण घातलं, गॅस बारीक केला.
सगळे पुढच्याकडे बघत चालले होते,
हाच एक शेवटच्या पायरीवर
मागे वळून मोजतो:
नव्वद, आणि वर नऊ.
मीही कुणी विचारलं तर तसंच सांगते,
सांगलीची सव्वीस, आणि वर इथली नऊ.
बेरीज कधी करत नाही.

तिने वहीत लिहिलंय, पेनाने,
शुद्धलेखन तिचं तिचंच:
नियम – जे येणार आहे त्याला एक कमी.
पुढचं पद – एकोणशंभर.

मिसेस ऑल्ड्रॉइडना यातलं ओ की ठो कळणार नाही.
खूण करतीलही बरोबरची.
खाली पालकांच्या सहीची रेघ होती.
हात पुसले.
सही केली.