धक्क्याला लागताना

लेकीने तिकिटं काढली तेव्हा विचारलं,
स्पेनमध्ये बघायला काय आहे?
बघायचं नाही बाबा, घसरायचं, नेत्रा म्हणाली.
मालिनीने विळीवरून मान वर केली:
बासष्टाव्या वर्षी? तेही पैसे भरून?

चोडण ते रायबंदर, एकतीस वर्षं
सुकाणूला उभा राहून मी एकच नदी ओलांडली.
सरळ रेषेत मोजलं तर पृथ्वीला किती प्रदक्षिणा,
कायतान इंजिनाच्या खोलीतून विचारायचा,
हाताची काजळी पुसत.
गणित दोघांनाही जमलं नाही.
गेलो कुठे? समोर.

बर्फ मला माहीत होता तो मासळीच्या खोक्यातला,
लाकडी भुशाचा, बांगड्याच्या डोळ्यासारखा निळसर,
पहाटे फळकुटाने फोडलेला.
ग्रानादाच्या वरच्या डोंगरातल्या बर्फाला वासच नव्हता.
एवढा बर्फ, आणि एक मासा नाही,
मालिनी म्हणाली, आणि कॉफीच्या दुकानात
काचेला लागून बसली ती पाच दिवस.

भाड्याचे बूट. घातले तेव्हापासून
घोटा माझा राहिला नाही.
खाली फळ्या अडकवल्या
आणि मी उभ्या उभ्या निघालो, मागे.
सात वेळा पडलो. आठवी वेळ मोजली नाही,
कारण ती सातवीतच सुरू झाली होती.
चार-चार वर्षांची पोरं बदकांसारखी शेजारून गेली,
एकाने काठी उचलून दिली.
देव बरें करूं, मी म्हटलं. त्याला ते पोचलं.

नुरिया आमची शिकवणारी.
तिचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणून भांडण नाही.
मेज म्हटलं की तिला कळायचं,
साबण म्हटलं की अर्धंमुर्धं,
गुडघा मात्र तिने हाताने धरूनच वाकवला.
पहिला धडा थांबण्याचा, ती म्हणाली.
टोकं जवळ, टाचा लांब. पाचर.
बाकीचे वैतागले,
ते काय थांबायला आले होते एवढ्या लांब?

मला पटलं.
इंजिन कुणीही चालवतो.
धक्का पन्नास हात राहिला की गियर काढायचा,
उरलेलं पाणी बोटीचं बोटीला कापू द्यायचं,
ओहोटी असेल तर नाक जरा वर धरून,
म्हणजे फळी सिमेंटला टेकते तेव्हा
स्कूटरवरच्या बाईच्या मांडीतली अंडी
हलतसुद्धा नाहीत.

चौथ्या दिवशी तसाच आलो.
नाक जरा वर, गुडघ्यांत थोडी भरती राखून,
टोपीचे कान फडफडत.
नुरियाच्या बुटांच्या वीतभर अलीकडे
टेकलो. आवाज नाही.
आधी कधी केलंय?
हो, म्हटलं. दिवसाला बावीस वेळा.

शेवटच्या दिवशी तिने पाळण्यातून वर नेलं.
हवा स्वच्छ होती. दक्षिणेला बोट केलं तिने:
समुद्र.
मी खुळ्यासारखा बघत राहिलो.
पायाखाली बर्फ, आणि तिकडे
आपल्या ओळखीची ती सपाट चकाकी.
हा सगळा वितळून खाली नदी होत असणार.
फेरीबोट आहे का तिच्यावर?
नुरियाला शब्द कळेना. हाताने करून दाखवलं,
इकडून तिकडे, इकडून तिकडे.
ती हसली. पूल आहे, म्हणाली.
आमच्याकडेही आता पुलाचं बोलतात,
हे सांगायला दोघांच्या इंग्रजीत
काहीच पुरेसं नव्हतं.

परवा रायबंदरला निघालो दोघं.
सुकाणूवर नवा पोरगा, एका हातात फोन.
गियर उशिरा काढला.
मला आधीच कळलं, पोटऱ्यांना कळलं,
चपलांची टोकं जवळ, टाचा लांब.
धाडकन.
स्कूटर सगळ्या हातभर पुढे, कुणीतरी आईवरून बोललं.
मी जागचा हललो नाही.

मालिनीने पिशवीत हात घालून पाहिलं.
दोन फुटली, म्हणाली.