अंगठा

बास्केटबॉलच्या कोर्टावर भरली सभा.
छप्पर टायफूननं नेलेलं, एका बाजूची रिंग
मान मुरगळलेल्या कोंबडीसारखी लोंबत होती.
खुर्च्या प्लॅस्टिकच्या, प्रत्येकीच्या पाठीवर
मागच्या निवडणुकीतल्या कुणाचं तरी हसू.
मी नेहमीच्या जागी, टेबलाच्या डाव्या टोकाला.
वही उघडली, तारीख घातली. हजर : एकशे बारा.

अकरा वर्षं मी या बारांगायचा सचिव.
कुणाच्या बोलण्याचा ध चा मा केला नाही कधी.
गाळलं मात्र बरंच,
जसा खोकला गाळतात.

विषय एक : आणीबाणीला आणखी तीस दिवस.
ही सातवी मुदतवाढ.
म्हणजे पत्रे कुणाकडून घ्यायचे, केवढ्याला,
निविदा नको, कोटेशन नको, तपासनीस नंतर येईल,
लोक उघड्यावर आहेत.
लोक खरंच उघड्यावर होते.
तेच तर अवघड होतं, कारण खोटं नव्हतं.
हात वर झाले. मी मोजले,
आकडा आधीच लिहिलेला होता तरी.

विषय दोन : लाभार्थींची यादी भिंतीवर लावली आहे.
भिंत आरोग्यकेंद्राची. उभी राहिलेली तेवढीच.

माना पुरिंग उठल्या.
चष्म्याची काडी मासेमारीच्या दोऱ्यानं बांधलेली.
"दोनशे सहा नंबर," त्या म्हणाल्या,
"क्रिसोलोगो अबेनदान्यो. पत्रे बारा. मिळाले. अंगठा."

"मग?" कॅप्टन दियोस्कोरो म्हणाले, "मिळाले ना?"

"त्याला लाटेनं नेलं, शाळेच्या पायरीवरून.
मृतांत नाव घाला म्हणून सतरा खेपा घातल्या मी.
तुम्ही म्हणालात, देह कुठाय?
म्हणालात, मोजणी चौदाव्या दिवशी बंद, वरून हुकूम.
म्हणजे तो मेलेला नाही.
बरं. मग घरी पाठवा त्याला.
बारा पत्रे घेऊन निघाला असेल तर
ठोकायला मला माणूस हवाच आहे."

मागे कुणीतरी हसलं,
आणि एकटं पडलं ते हसू.

"दुसरं. चौतीस वर्षं त्यानं या गावाला लिहायला शिकवलं.
कॅप्टन, तुमच्या सहीतला तो पोट सुटलेला डी
त्यानंच गिरवून घेतलाय, छडी न उगारता.
तो माणूस
अंगठा कशाला उठवेल?"

कॅप्टन म्हणाले, प्रश्न अजेंड्यावर नाही.
म्हणाले, संकटात राजकारण नको.
मग माझ्याकडे पाहिलं.
ती नजर मला ठाऊक आहे, तिचा अर्थ : गाळ.

समुद्र शांत होता, काही केलंच नाही अशा चेहऱ्याचा.
टेकडीवर शेंडे मोडलेले माड
हजेरीला उभे केल्यासारखे.

माझ्या उजव्या अंगठ्यावर एक तिरकी रेघ आहे.
नऊ वर्षांचा होतो, नारळ सोलताना कोयता निसटला.
क्रिसोलोगो मास्तरांनी स्वतःच्या रुमालानं बांधला होता अंगठा,
मला उचलून नेलं होतं बोटीपर्यंत.
त्या यादीत चव्वेचाळीस ठिकाणी ती रेघ आहे.
एका रात्रीत उठवले सगळे, जनरेटरच्या आवाजात.
दोनशे सहावर आलो तेव्हा हात थांबला नाही.
थांबला असता तर बरं झालं असतं,
निदान आज तसं लिहिता आलं असतं.

माना पुरिंग भिंतीकडे निघाल्या.
चष्मा काढून त्यांनी भिंगासारखा कागदावर धरला.
त्यांच्यामागे आणखी दोघी. मग एक मुलगा.
मग खुर्च्या सरकल्याचा आवाज.

मी हात टेबलाखाली नेला.
मग वर आणला, वहीवर ठेवला, उताणा.

विषय तीन, लिहिलं मी. कुणी मांडला नव्हता.
"यादीतील अंगठ्यांबाबत सचिवाचं निवेदन."
कॅप्टन म्हणाले, वही मिट.

सभा संपल्याची वेळ
मी अजून घातलेली नाही.