जागा भाड्याने देणे आहे

माहुलच्या खाडीची भरती-ओहोटी सांगणारी
वेबसाइट मी केली, तेव्हा घरात पहिला प्रश्न आला :
पैसे कुठून येणार?
दुसरा आईचा :
चंद्र फुकट सांगतो, ते तू विकणार कशी?

मी म्हटलं, वेळ नाही गं विकत.
वेळ फुकट. बाजूला थोडी जागा आहे,
ती भाड्याने द्यायची.

कुठली बाजू?
फोनला बाजू नसते.
फोनला फक्त वर असतं आणि खाली असतं
आणि मधे एक अंगठा,
जाळ्याच्या दोरीने इतका चिरलेला
की स्क्रीनला तो माणसाचा वाटत नाही कधीकधी.

कंपनीने कळवलं, सगळ्यात वर लावा,
नजर आधी तिथे पडते.
लावली.
गुडघेदुखीचं तेल. दहा मिनिटांत कर्ज.
विरारच्याही पुढे कुठेतरी पोहण्याचा तलाव असलेलं घर.
आणि त्याखाली, जरा दम खाऊन,
समुद्र.

आमच्याकडे नेटवर्क म्हणजे अष्टमीचं पाणी,
आहे म्हणावं तर होडी तरंगत नाही.
आकडे आधी यायचे, जाहिरात मागून,
आणि आली की बाजारात उशिरा आलेल्या बाईसारखी
टोपली टेकवत म्हणायची, सरका गं.
आकडे सरकायचे एक घर खाली.
‘भरती’, ‘ओहोटी’ ही नावं मात्र
मी खिळे ठोकल्यासारखी जागच्या जागी बसवलेली.
माझी चूक. कंपनीची नाही, तेलाची तर नाहीच.

प्रणीत निजप कुरियरची नोकरी सोडून
चुलत्याची होडी चालवायला शिकत होता.
तिथी त्याला कळत नाहीत, मलाही नाहीत,
म्हणून तर वेबसाइट.
भरती समजून तो रात्री नऊला खाडीत शिरला
आणि चिखलात रुतला तो पहाटे तीनपर्यंत.
समोर रिफायनरीची ज्योत,
अख्ख्या चेंबूरला दिसणारी,
जिच्या जागेचं भाडं कुणी कुणाला देत नाही.
हातात फोन, बारा टक्के.
सकाळी भेटला तेव्हा ओरडला नाही.
एवढंच विचारलं,
ते तेल खरंच चांगलं आहे का गं?

काशिराम पेंटरने आयुष्यभर
सायन ते मानखुर्द फलक रंगवले.
त्याच्याकडे गेले. त्याने चष्मा कपाळावर सारला,
टेबल बघितलं, जाहिरात बघितली, म्हणाला,
नाक्यावर बोर्ड लावायचाच पोरी,
माणूस तिथे थांबतो, मान वर करतो.
पण जिथे रस्ता ओलांडतो तिथे नाही.
तिथे त्याला गाडी दिसली पाहिजे.

मग शेवटच्या ओहोटीच्याही खाली
एक चौकट आखली, मापाची,
पाहुणा यायच्या आधी पाट मांडतात तशी.
तो उशिरा येवो, न येवो,
कुणाला उठवायचं नाही.

महिन्याला त्रेचाळीस रुपये आले.
कंपनीने हळहळ कळवली :
तुमच्या जागेपर्यंत फारसं कुणी पोचत नाही.
खरंय. वेळ कळली की माणूस
फोन खिशात टाकतो आणि दोर सोडतो.

मग ट्रॉम्बेच्या रझाकभाईंचा फोन आला.
त्यांना चित्र नको, हलणारं काही नको.
फक्त : बर्फ. रात्री दोनपर्यंत.
आणि नंबर, मोठ्या अक्षरात.
मी पाचशे म्हटलं. ते हसले.
साडेतीनशे, आणि दर रविवारी एक लादी.

पहिली लादी आज आली, गोणपाटात, गळत गळत.
आईने फोडून तिच्यावर कोळंबी पसरली,
हात पुसले, खिडकीतून चंद्राकडे बघितलं,
मग माझ्या फोनकडे,
आणि म्हणाली,
चार मिनिटांनी चुकतंय तुझं.