कात्री

बालामणी येमूल, वय एकावन्न, विडी घरकुल.
डाव्या नडगीवर फोड, डास चावल्याएवढा.
पहिल्या कागदावर माझंच अक्षर आहे.

आठव्या दिवशी फोडाचा रुपया झाला.
मी कडा छाटल्या.
बाराव्या दिवशी तळहात.
मी पुन्हा छाटल्या, आणखी खोल;
मेलेलं काढा, जिवंत भरून येतं, असं शिकलो होतो.
ती दातांत पदर धरून छताकडे बघत राहिली.
सिव्हिलचा पंखा एप्रिलची हवा नुसती ढवळत होता.

साखर बरोबर. शिरा मोकळ्या.
पुवातून जंतू उगवेनात, प्लेट कोरी,
तीनदा कोरी. तिसऱ्यांदा मी लॅबच्या माणसावर ओरडलो.
आणि जखम रोज सकाळी पट्टीच्या बाहेर,
कड जांभळी, वांग्याच्या सालीची,
कडेखाली पोकळ; सळई बोटभर आत जाई.

मग त्वचेच्या वॉर्डातून हुंडेकरी मॅडम आल्या.
त्यांनी पायाकडे पाहिलंच नाही आधी.
विचारलं, "पोट कसंय?"
बालामणी लाजली. सुनेच्या कानात तेलुगूत काही बोलली.
सून म्हणाली, दोन वर्षं झाली, शौचाला रक्त पडतं.
आम्हाला वाटलं, शेंगाचटणी.

मॅडमनी तिचा हात उलटा केला.
सलाइनची सुई जिथे होती
तिथे नवा फोड, जांभळा.
"इथे तर तू कापलं नव्हतंस," मला म्हणाल्या, हळूच.
"हिचंच रक्त हिच्यावर उलटलंय.
तू साफ करशील तेवढं पेटेल."
नाव सांगितलं, लांबलचक.
त्या नावात पू आहे, गँगरीन आहे.
रोगात दोन्ही नाहीत.

कडेचा एकच तुकडा तपासायला गेला.
अहवालात काही विशेष नव्हतं; तेच हवं होतं.
पांढऱ्या गोळ्या, सकाळी, जेवल्यावर.
पट्टी सैल, न चिकटणारी.
माझी ट्रे तशीच झाकून परत.

तिसऱ्या रात्री ती झोपली.
सकाळी मला म्हणाली, "साहेब, पान कोरडं असताना
कात्री लावू नये. चिरतं.
आधी भिजवायचं, फडक्यात गुंडाळून ठेवायचं.
आमच्या पोरींना सहाव्या वर्षी कळतं हे."
मी हसलो. ती हसली नाही.

दिवाळीनंतर आली. चेहरा फुगलेला,
बांगड्या चढत नाहीत म्हणून माझ्याशी भांडली.
पाय भरला होता. वण चाळणीसारखा,
कागदाएवढं पातळ कातडं,
मांडीवरच्या सुपाची सावली त्यावर पडत असणार.
पुन्हा हजार विड्या? "आठशे," म्हणाली. "बसवत नाही."

त्याच दुपारी एक पाय आला, साखरेचा, सडलेला.
इथे कापायचंच होतं. उशीर झाला होता.
मी हातमोजे चढवले,
कात्री उचलली, खाली ठेवली.
"पोट कसंय?" मी विचारलं.
तो म्हणाला, "डॉक्टर, पाय बघा ना."