एकदाच वाजतंय

सव्वाअकरा. कोपरखैरणे, सेक्टर एकोणीसची गल्ली.
मागची सीट आडवी केलेल्या वॅगनारमध्ये
बेचाळीस डबे, महापेला जायचे,
आणि किल्ली फिरवली की
टक्.

पुन्हा फिरवली. टक्.
दाराआड कुणी उभं राहून
एकदाच कडी हलवावी
आणि पुढं काही बोलू नये, तसं.

वॉचमन म्हणाला, बॅटरी.
पहिल्या मजल्यावरचे कुर्डूकर गॅलरीतून म्हणाले, बॅटरीच,
माझा मेव्हणा देईल, जुनी देऊन स्वस्त पडेल.
इस्त्रीवाल्यानं हातातली इस्त्री खाली न ठेवता
मान हलवून बॅटरीलाच मत दिलं.

मी घरतला फोन लावला.
तो जासईला, हळदीत. मागं बेंजो.
"ताई, फोन बोनेटवर धरा. मारा सेल्फ."
मारला.
"यकदाच वाजतंय, का टकटकटकटक?"
एकदाच.
"लाइट लावा. समोर भिंतीवर बगा. उजेड पिवला का पांढरा?"
पांढरा. लख्ख.
"हॉर्न?"
दिला. चौथ्या मजल्यावरचं बाळ उठलं.
"मग बॅटरीला कशाला बदनाम करताव?"

बेंजो थांबला होता.
बहुतेक कुणी त्याच्या गालाला हळद फासली,
तो हसत होता आणि हसता हसता शिकवत होता:
"लाल तार जाते, काली परत येते.
जाणाऱ्याचं सगले बगतात, ताई.
येणाऱ्याचं कोन बगत नाय."

वाकून पाहिलं.
काळ्या तारेचं खालचं टोक गिअरबॉक्सच्या बोल्टवर,
आणि बोल्टवर
विसरलेल्या लोणच्यावर येते तशी
हिरवट-पांढरी बुरशी.

कुर्डूकरांनी जम्पर केबल दिली, जरा नाराजीनं.
एक चिमटा बॅटरीच्या वजावर,
दुसरा इंजिनच्या उघड्या लोखंडावर.
किल्ली.
गाडी अशी धावून बोलली
की ती रुसली होती हे कुणाला पटणार नाही.

मी मुद्दाम बंद केली. केबल काढली. पुन्हा किल्ली.
टक्.
खात्री करून घेते मी. भाताचं शीतही
दोनदा दाबून बघते.

मग वरून तारेची घासणी आणली, कढईची,
आणि बारा नंबरचा पाना.
आधी वजाचं टोक सोडवलं, घरतनं बजावल्याप्रमाणे.
मग घासत बसले फुटपाथवर, ऊन पाठीवर घेऊन,
डब्यांतली आमटी माझ्यामागं निवत असताना.

आणि घासताना ओझरकर आठवले.
महापेच्या त्या ऑफिसातले, अकाउंट्सचे.
चार महिने रोज डबे जातात. मोजून. वेळेवर. गरम.
चार महिने मी फोन करते
आणि ते म्हणतात, "होऊन जाईल, ताई."
एकदाच. गोड आवाजात.
मग पुढं काही फिरत नाही.
मी उगाच स्वतःला बघत राहिले इतके दिवस:
पोळ्या जाड होतात का, मीठ कमी पडतं का,
दर जास्त लावला का.
माझ्याकडचा उजेड तर पांढराच होता.

लोखंड चमकलं, जुन्या चमच्याइतकं.
बोल्ट आवळला. किल्ली.
झाली.
कुर्डूकर आत गेले. घरतला मेसेज टाकला,
त्यानं पिवळ्याधमक गालांचा फोटो उलट पाठवला.

महापेला पोचले तेव्हा बारा चाळीस.
डबे उतरवताना पाहिलं,
सगळ्यात वरच्या झाकणावर माझा अंगठा उमटलाय,
काळा, रेषांसकट,
पावतीवर उमटावा तसा ठसठशीत.
झाकणावर चिठ्ठी: ओझरकर.

फडकं होतं खांद्यावर.
पुसलं नाही.