पोहरा

सकाळी सातला मी माणसं मोजतो.
हुन्तूल, कातूल, ओश्तूल, कान्तूल,
चारपर्यंत आईच्या भाषेत,
पुढे सिंको, सेइस, स्पॅनिशमध्ये,
कारण चारापुढचे आमचे आकडे
आजोबांच्याही आधी कुणीतरी खर्चून टाकले.
चौदा.
विल्बर्थ व्हॅनचं दार सरकवतो. म्हणतो, चल.

आधी भग्नावशेष.
तटबंदी, तिच्यामागे समुद्र,
दगडांवर ऊन खात पडलेले इग्वाना,
तिकीट न काढता आत येणारे तेवढेच.
दारावरचा उलटा देव मी दाखवतो,
डोकं खाली, पाय आभाळात.
कुणी म्हणतं मधमाशी, कुणी म्हणतं शुक्र.
मी दोन्ही सांगतो.
टोपीवाल्या बाईंना तिसरंही काही हवं असतं.

"पण मग माया लोक गेले कुठे?"
हा प्रश्न रोज येतो, साधारण साडेनऊला.
मी म्हणतो, एक तुमच्यापुढे उभा आहे,
दुसरा पार्किंगमध्ये काच पुसतोय.
हसतात. मीही हसतो.
संध्याकाळची टिप बहुधा इथेच ठरते.

मग समुद्र.
नळी दातांत धरा, नाक विसरा,
प्रवाळाला हात लावू नका,
तो दगड नाही, झाड नाही,
फार हळू चाललेला जीव आहे.
चौदा पाठी पाण्यावर तरंगतात,
खाली एक कासव गवत चरतं
गाईसारखं, मान वर न करता.
एका म्हाताऱ्याचा मास्क आतून भरला.
पाणी शिरलं, म्हणाला.
कुठलं, ते मी विचारलं नाही.

जेवण. लिंबाचं सूप. मिरची बाजूला.

आणि मग गुहा.
अंगाचं मलम धुऊन टाका,
इथलं पाणी कुणाचा वास घेऊन जगत नाही.
एकोणतीस पायऱ्या, लाकडी, ओल्या.
तोह पक्षी तोंडाशीच बसलेला,
शेपटी लंबकासारखी हलवत.
पुढे छताचे सुळे, गार काळं पाणी,
आणि मधोमध, वर, एक गोल भोक,
त्यातून उतरलेला उजेडाचा खांब.

ते भोक आमचं.
वर तिथे आमची कप्पी होती.
आई सकाळी अकरा पोहरे ओढायची, सांजेला सहा.
काठाशी जायची मला बंदी,
म्हणून मी पोटावर सरपटत जायचो.
खाली एक काळं वर्तुळ
आणि त्यात माझं डोकं, वाटाण्याएवढं.
एकदा माझ्या हातून दोर सुटला.
पत्र्याचा पोहरा गेला.
आवाज यायला इतका वेळ लागला
की मला वाटलं, येणारच नाही.
आई रागावली नाही.
म्हणाली, खाली ज्याचं पाणी आहे
त्यालाही भांडं लागतं.

पुढे जमीन वाटली, मग भाड्याने दिली.
आता मी इथे पगारावर उतरतो.
चाळिशी ओलांडल्यावर मला कळलं
की ते काळं वर्तुळ
आतून बघितलं तर पांढरं असतं.

खांबापासून दूर, आतल्या दालनात,
बॅटऱ्या विझवायच्या, दोन मिनिटं.
कार्यक्रमातच आहे ते.
कुणी बोलत नाही. थेंब तेवढे बोलतात.
परतताना भोकाच्या काठाशी
क्षणभर एक डोकं आलं आणि गेलं.
"वर कोण राहतं?" ओलं नाक पुसत एका पोरीने विचारलं.
मालकाचा मुलगा असेल, म्हणालो. किंवा कोंबडी.

आडात असेल तेच पोहऱ्यात येतं म्हणतात.
मी रोज चौदा खाली सोडतो,
चौदा वर ओढतो,
निथळती, जराशी गप्प.
तोंडाशी पुन्हा मोजतो.
हुन्तूल, कातूल.

रात्री आई भाकरी शेकता शेकता विचारते.
नळ येऊन तेवीस वर्षं झाली घरात,
तरी विचारते, सापडला का?

मी तो केव्हाच पाहिलाय.
खांबाच्या पायथ्याशी, श्वास संपतो तिथे,
काठ गंजलेला, गाळाने अर्धा भरलेला,
आणि आत, जागा धरून,
एक आंधळा पांढरा मासा.

नाही, म्हणतो मी.
ती भाकरी उलटते.
बरं झालं, म्हणते.